कोरड्या ओळीचं पाणी

आमच्या श्यामच्या थोरल्या मुलीचं, साधनाचं, लग्न अकोल्याला झालं ते साल दोन हजार तेवीस. फेब्रुवारीचा महिना होता. श्यामचं घर जठारपेठेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि कार्यालय तिथून चार पावलांवर. लग्न चांगलं झालं. पण त्या लग्नाची आठवण आमच्याकडे निघते ती जेवणावरून नाही, एका लहानशा तराजूवरून.

तराजू धाकटीचा, वर्षालीचा. ती अमरावतीला वसतिगृहात राहून संशोधन करत होती. हळदीच्या दिवशी नवरीच्या खोलीत एका कोपऱ्यात तिने काचेचं भांडं मांडलं. त्यात पाण्यात बुडालेला, बोराएवढा पिवळसर गोळा. दर तासाला ती तो चिमट्याने बाहेर काढायची, कागदावर टिपायची, तराजूवर ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची.

"बहिणीले हळद लागून राहिली, अन् तू काय तोलून राहिली वं?" तिची आई, म्हणजे आमची सून दामिनी, दारातूनच ओरडली.

"आई, तासातासाले वजन घ्याच लागते. यानं किती पाणी पेलं ते पाहाचं आहे. अर्ध्यात सोडलं त तीन दिवस वाया."

"घे बाई घे. तुह्या लग्नात तूच तोलत बसजो, आमी अक्षता टाकून घेऊ."

तेवढ्यात मुलाकडची एक मावशी नवरीला पाहायला आत आली. तिला दिसला तो सोनाराकडे असतो तसा तराजू आणि वहीत आकडे लिहिणारी मुलगी. ती काही न बोलता परत गेली, आणि अर्ध्या तासात जेवणाच्या मांडवात बातमी पोचली की मुलीकडचे लोक आम्ही घातलेले दागिने तोलून पाहत आहेत. नवरदेवाचे काका ताटावरून उठले.

अशा वेळी आमचे रहीमभाऊ कामी आले. अब्दुल रहीम म्हणजे नांदगाव खंडेश्वरचे आमचे शेजारी, तेलघाणीवाले. माझे यजमान वामनराव आणि ते लहानपणी एकाच बोरीवर दगड मारत, तेव्हापासूनची दोस्ती. ते नवरीच्या खोलीत गेले, तो ओला गोळा तळहातावर घेऊन बाहेर आले आणि सगळ्या मांडवासमोर मावशींच्या नाकाखाली धरला.

"पाहा बाई. हे जर सोनं असन, त मी याचा सोनार."

गोळा थरथरला. मावशी किंचाळली. काका हसले आणि पुन्हा ताटावर बसले. रहीमभाऊंनी मात्र तो हात स्वतःच्या नाकाजवळ नेला आणि डोळे बारीक केले.

"पोरी, याच्यात एरंडी हाय."

"हो चाचा. एरंडेल अन् गवारीच्या बियांचा गोंद."

मग तिथेच, वाढपी ताटात जिलबी टाकत असताना, वर्षालीने आम्हाला समजावून सांगितलं. गोंद पाणी पितो, पण पिता पिता स्वतःच विरघळून जातो. एरंडेलावर काही क्रिया करून त्या तेलाने गोंदाचे धागे एकमेकांना बांधले, की गोळा फुगतो पण विरघळत नाही. याला जेल म्हणतात. झाडाच्या मुळाशी मातीत मिसळायचं. पाणी दिलं की ते पिऊन ठेवतं आणि माती सुकली की थोडं थोडं मुळाला देतं. असं बाजारात आधीपासून मिळतं, पण त्यातलं पुष्कळसं प्लास्टिकच्या जातीचं, मातीत राहून जातं. हिचं जेल काम झालं की मातीच खाऊन टाकणार होती.

"म्हणजे सब्जा," रहीमभाऊ म्हणाले. "रोज्यात माह्या शरबतात रोज फुगते."

"तसंच चाचा. फक्त सब्जा आपलं पाणी कोणाले देत नाही."

वामनराव इतका वेळ विचारात होते. ते म्हणाले, "पण एरंडेल काहून? झाडाले जुलाब लागले त?"

सगळी पंगत हसली. रहीमभाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तेल कोठून घेतलं?" वर्षाली म्हणाली, अमरावतीच्या दुकानातून. त्यांचा चेहरा असा पडला की जणू त्यांना लग्नाचं बोलावणंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी बंद पडलेली घाणी पुसून काढली, एरंडी घातली आणि दोन लिटर तेल अमरावतीला पाठवलं. त्या तेलाने जेल दुकानच्या तेलाने व्हायचं तसंच झालं, हे वर्षालीने मला एकटीला सांगितलं. त्यांना ती म्हणाली, "चाचा, तेल लई चांगलं आहे." तेव्हापासून अमरावतीची प्रयोगशाळा आपल्या घाणीवर चालते, असं ते नांदगावात सांगत फिरत.

मार्चमध्ये वर्षाली आमच्याकडे नांदगावला आली ती वीस काळ्या पिशव्या, वांग्याची रोपं आणि एक वजनकाटा घेऊन. तिच्या मार्गदर्शकांनी, प्रीतम सरांनी, सांगितलं होतं की काचेच्या भांड्यातलं पुष्कळ झालं, आता झाडावर दाखव. वसतिगृहात जागा नव्हती. आमच्या मागच्या अंगणात टिनाच्या छपराची उघडी सपरी आहे. त्या वर्षी अवकाळी पाऊस येऊन जाऊन होता, म्हणून पिशव्या सपरीत ठेवल्या. दोन्ही ओळींत आमचीच काळी माती. दहा पिशव्यांच्या मातीत जेल मिसळलं, ती जेलची ओळ. दहांत नुसती माती, ती कोरडी ओळ.

"जूनमध्ये समिती बसते, आजी," ती मला म्हणाली. "तिथं फरक दाखवता आला त पुढचं वर्ष मिळते. नाही दाखवता आला त जेलचं काम बंद. सर दुसरा विषय देतील. तीन वर्षं गेली माही यात."

मग तिने एक रजिस्टर काढलं. रकाने आखलेलेच होते. तारीख, वजन, पानं कशी आहेत, आणि शेवटी, पाणी दिलं का. रजिस्टर तिने माझ्या हातात दिलं. वामनरावांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"आबा, तुमचं अक्षर औषधाच्या दुकानात चालते. आजीचं वाचता येते."

मी पन्नाशीला आल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली, म्हणून माझं अक्षर अजून पाटीवरच्यासारखं गोल आहे. माझं लिहिलेलं कोणाच्या कामाला यावं, अशी ती पहिलीच वेळ. मी रजिस्टरला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

महिनाभर दोन्ही ओळींना मोजून सारखं पाणी दिलं. आठ एप्रिलला वर्षालीने शेवटचं पाणी घातलं आणि आम्हा तिघांना, म्हणजे मला, वामनरावांना आणि रहीमभाऊंना, सपरीत उभं केलं.

"आजपासून कोणत्याच ओळीले एक थेंब नाही. मी अठरा तारखेले येते, एकोणीसले सर येतील. तोवर मरत असतील त मरू द्याचे."

"मरू द्याचे?" वामनराव म्हणाले.

"कोरडी ओळ कधी मरते ते कळलं, तरच जेलची किती जास्त जगली ते कळन न."

"म्हणजे हे लावले कशासाठी? माराले?"

"मोजाले, आबा."

पंचावन्न वर्षं वामनरावांनी शेती केली. झाडं त्यांच्या हातून मेली असतील, पण ठरवून कधी नाही.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. रोज सकाळी मी पिशव्या काट्यावर ठेवायची, वजन उतरलेलं असायचं, ते लिहायची. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहायची. चौथ्या दिवशी दुपारी कोरड्या ओळीने मान टाकली. वांग्याचं पान लटकलं की ते फार केविलवाणं दिसतं, ओल्या फडक्यासारखं. जेलची ओळ शेजारी ताठ उभी. वामनरावांनी आपली खाट फिरवून तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घातलं. लोट्यात थोडं उरलं. उरलेलं पाणी मी कधी नालीत टाकलेलं नाही. परत येताना वाटेत कोरडी ओळ लागते. मी त्या दहा पिशव्यांत थोडं थोडं ओतलं. मनाशी म्हटलं, हे काही पाणी देणं नाही, उरलेलं टाकणं आहे. आणि रजिस्टरमध्ये 'नाही' लिहिलं. त्यानंतर मी लोटा काठोकाठ भरू लागले, आणि तुळशीला पूर्वीपेक्षा कमी पाणी लागू लागलं.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. कोरड्या पिशव्यांचं वजन माझ्या लोट्याच्या मानाने फारच वाढत होतं. मला वाटलं, काटा स्वस्तातला आहे. आकडा दिसेल तसा मी लिहीत गेले.

ते रमजानचे दिवस होते. रहीमभाऊ रोज दुपार कलली की आमच्याकडे येऊन बसायचे, असरची नमाज आमच्याच ओट्यावर पढायचे. घरी बसलं की स्वयंपाकाचा वास येतो, म्हणायचे. वामनरावांनीही त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात जेवणं सोडून ताट सपरीत मागायला सुरुवात केली. आत उकडतं, म्हणाले. टिनाखाली त्याहून जास्त उकडतं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तिथं हवा लागते."

अठरा तारखेला संध्याकाळी वर्षाली एसटीतून उतरून घरी आली आणि पिशवी न ठेवता सरळ सपरीत गेली. आम्ही तिघे तिच्या मागे.

कोरडी ओळ हिरवीगार होती. तळहाताएवढी पानं. दोन रोपांवर जांभळी फुलं सुद्धा. जेलच्या ओळीत पानांच्या कडा वाळल्या होत्या, तीन रोपं पार आडवी झाली होती.

ती खालीच बसली.

"उलटं झालं," ती म्हणाली. "जेल मुळाले पाणी देऊन नाही राहिलं. मुळाचंच ओढून घेऊन राहिलं. नुसत्या मातीतले जगले अन् जेलमधले मेले."

तिने डोळे पुसले आणि मोबाइल काढला. "सरले सांगते, उद्या येऊ नका. दुसरा विषय घेते म्हणते." आमच्या घरात रेंज नीट मिळत नाही. ती उठून फाटकाकडे निघाली.

रजिस्टर माझ्या हातात होतं. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मला कळलं की मी जे सात दिवस 'नाही, नाही' लिहिलं, त्यावर ही मुलगी आता तीन वर्षं सोडून देणार.

"फोन नको करू," मी म्हटलं. "मी पाणी घातलं."

ती वळली. "किती?"

"तुळशीतून उरलेलं. लोट्यातलं."

"रोज उरत होतं?"

"मी उरवत होती."

सपरीतल्या खाटेवर टेकलेले वामनराव उठले. "सकाळी तू घालत होती? मंग मी दुपारी कशाले..." आणि त्यांनी तोंड मिटलं.

"आबा?"

"मी काही पाणी गिणी घातलं नाई. मी जेवून हात धुतले."

"दहाही पिशव्यांवर?"

"एकाच पिशवीवर रोज धुतले असते त बाकीच्यायवर अन्याय झाला असता. पाळी लावली होती. अन् तांब्याभर पाण्यानं धुतले, नीट. पण चूळ नाई भरली हो. झाडावर कोण चूळ भरते?"

रहीमभाऊ तोवर सपरीशेजारच्या ओट्यावर जाऊन, समोर दोन खजूर आणि सब्जाचं शरबत ठेवून अजानची वाट पाहत होते. आमच्या तिघांच्या नजरा एकदमच त्यांच्याकडे वळल्या.

"माह्याकडं काहून पाहून राहिले? रोजेदार माणूस हाय मी. खोटं बोलणार नाई."

"मंग बोल न," वामनराव म्हणाले.

"नमाजाआधी मी वजू केला."

"कुठं?"

रहीमभाऊंनी हनुवटीने कोरड्या ओळीकडे दाखवलं. "तिथं. हात, तोंड, पाय. तीन तीन वेळा. ते पाणी नालीत जाऊ द्याचं होतं का?"

"चाचा," वर्षाली म्हणाली, "अमरावतीहून रोज फोन करून मी आजीले विचारत होती, पाणी दिलं का म्हणून."

"बेटा, मले कोणी विचारलं नाई." मग त्यांचा आवाज उतरला. "अन् पाह्य. पहाटपासून माह्या घशात थेंब नाही. समोर हे बसलेलं, त्याच्याही घशात नाही. माह्या रोज्याले संध्याकाळी इफ्तार हाय. याचा इफ्तार कधी?"

वर्षालीने विचारलं, "अन् जेलच्या ओळीले?"

"तिले कोणीच नाई," वामनराव म्हणाले. "तिले कशाले? तिच्यात तुह्यं जेल हाय न."

"जिचं पोट भरलेलं तिले कोण वाढते?" रहीमभाऊ म्हणाले.

मशिदीतून अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला. वर्षालीने माझ्या हातून रजिस्टर ओढून घेतलं.

"आजी, वजन खरं लिहिलं का?"

"वजन सगळं खरं हाय. शेवटचा रकाना तेवढा..."

ती ओट्यावर रहीमभाऊंच्या शेजारी बसली आणि मोबाइलवर बेरजा करू लागली. त्यांनी शरबताचा पेला तिच्याकडे सरकवला, तिने न पाहता अर्धा पिऊन टाकला. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी होतं तसंच.

"कोरड्या ओळीनं पिशवीमागं रोज पाव लिटर पाणी पेलं. जेलच्या ओळीनं दहा दिवसांत एक थेंब नाही, अन् तरी दहातले सात उभे." तिने तोंड पुसलं. "पण सरले काय सांगू? आमच्या घरच्यांनी प्रयोगावर हात धुतले म्हणून?"

ते मी सांगते, असं मी म्हटलं. त्या संध्याकाळी मी सात दिवसांचे 'नाही' खोडले आणि बाजूला खरं लिहिलं. स्वतःचं अक्षर खोडताना मला वाईट वाटलं, पण लिहिताना नाही.

दुसऱ्या दिवशी प्रीतम सर आले. माणूस तरुण, चष्मेवाला, कमी बोलणारा. त्यांनी कोरडी ओळ पाहिली, जेलची ओळ पाहिली आणि वर्षालीकडे पाहिलं. मी पुढे होऊन रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. ते मोठ्याने वाचू लागले.

"तारीख चौदा. तुळशीचे उरलेले, एक लोटा. वामनरावांनी हात धुतले, पिशवी चार ते सहा. रहीमभाऊंचा वजू." त्यांनी पान उलटलं. "तारीख पंधरा. तुळशीचे उरलेले, एक लोटा. वामनरावांनी हात धुतले, पिशवी सात ते नऊ. पाहुणे आले होते, त्यांनीही धुतले."

मग त्यांनी रजिस्टर तोंडासमोर धरलं. ते वाचत असावेत असं आम्हाला वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. खाली घेतलं तेव्हा चेहरा पुन्हा सरांचा झाला होता.

"जेलच्या ओळीत कोणी पाय वगैरे धुतले का?"

"नाही सर," आम्ही तिघे म्हणालो.

"हे समितीपुढे ठेवता येणार नाही. पण टाकून देण्यासारखंही नाही. पुन्हा करा, वेळ आहे." ते वामनरावांकडे, मग रहीमभाऊंकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. डॉक्टर नाडी सोडून बोलतो तसे म्हणाले, "पण या घरात कोरडी ओळ कोरडी राहणार नाही."

"माह्या घाणीत ठेवा," रहीमभाऊ म्हणाले. "कुलूप लावतो."

"चावी कोणापाशी?" वर्षालीने विचारलं.

"माह्यापाशी."

तो विषय तिथेच संपला. सर जायला निघाले तेव्हा वामनराव एकाएकी म्हणाले, "दामिनीकडं ठेवू."

आमच्या सुनेच्या हातून झाड जगत नाही, हे सगळ्या जठारपेठेला माहीत आहे. श्यामने तिच्या गॅलरीत चार वेळा तुळस लावली. कोणाच्याही घरी जगतो तो मनीप्लांट तिच्याकडे पंधरा दिवसांत गेला. एकदा तर तिने प्लास्टिकची फुलं आणली, त्यांचाही रंग उडाला. ती मुद्दाम काही करत नाही, तिला आठवणच राहत नाही. पिशव्या गॅलरीत ठेवायला तिने लेकीसाठी लगेच होकार दिला. मग आपल्यालाच का निवडलं ते तिच्या लक्षात आलं, आणि दोन दिवस ती आमच्याशी फोनवर बोलली नाही.

नवी वीस रोपं महिनाभर नांदगावला वाढवली. वीस मेला ती टेम्पोने अकोल्याला गेली. रजिस्टर घेऊन मीही गेले. वामनराव आणि रहीमभाऊंना येण्याची बंदी होती.

एकवीस तारखेला शेवटचं पाणी. अकोल्याचा मे म्हणजे गॅलरीची सळई हाताला भाजते. तिसऱ्याच दिवशी कोरड्या ओळीने मान टाकली. मी रोज सकाळी वजन लिहायची, शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहायची आणि दार लावून आत यायची. माझा लोटा मी बॅगेतच ठेवला होता. तिथे तुळस नव्हती हे बरं झालं.

संध्याकाळी वामनरावांचा फोन यायचा.

"मान टाकली का?"

"टाकली."

"सगळ्यायनं?"

"सातांनी."

मग पंख्याचा आवाज. त्यामागून रहीमभाऊ म्हणायचे, "वहिनी, पाणी नको. नुसतं ओलं फडकं फिरवलं त?"

"नाही, भाऊ."

"बरं. मी सहज विचारलं."

सहाव्या दिवशी भर दुपारी मी जरा पडले होते. गॅलरीचं दार वाजलं. जाऊन पाहते तर दामिनी, हातात स्टीलचा जग, कोरड्या ओळीपाशी वाकलेली. मला पाहून दचकली.

"आई, मी काही..." मग ती उभीच राहिली. "माह्या हातानं झाड जगत नाही, असं सगळ्यायले वाटते. माह्या पोरीलेही. मले वाटलं, एक तरी जगवून दाखवू."

जग भरलेला होता. पाणी माठातलं, जग बाहेरून घामेजला होता. समोर दहा रोपं माना खाली घालून होती. तिच्या हातून मी जग घेतला, आणि खरं सांगते, माझाच हात तिरपा व्हायला निघाला होता.

"तुह्या पोरीसाठी मरून राहिले ते," मी म्हटलं. "मरू दे. बस इथं."

आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो आणि ते पाणी अर्धं अर्धं पिऊन टाकलं. सासू म्हणून मी तिच्याशेजारी तीस वर्षांत इतका वेळ गप्प बसले नव्हते.

कोरड्या ओळीतलं शेवटचं रोप एकोणतीस मेला मेलं. त्या दिवशी जेलच्या ओळीतली नऊ उभी होती. तीन जूनला सहा. तिथे सरांनी मोजणी थांबवली. समितीपुढे वर्षालीने माझं रजिस्टर ठेवलं, अकोल्याचं, एकही खोडाखोड नसलेलं. तिला पुढचं वर्ष मिळालं. तिने सांगितलं की समितीतल्या एका बाईंनी विचारलं, इतकी काटेकोर नोंद कोणत्या सहायकाने ठेवली? ती म्हणाली, आजीने. नांदगावच्या रजिस्टरबद्दल तिथे कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. ते माझ्याच पेटीत आहे.

जेलच्या ओळीतल्या त्या सहांना दामिनीने मग पोटभर पाणी घातलं. चार जगली. दिवाळीपर्यंत ती आम्हाला रोज एका वांग्याचा फोटो पाठवायची, कधी कधी एकाच वांग्याचे दोन बाजूंनी दोन. वर्षालीच्या प्रबंधात आभाराच्या पानावर रहीमभाऊंच्या घाणीचं नाव आलं. ते पान त्यांनी काचेच्या चौकटीत घालून घाणीवर टांगलं. घाणी बंद होती, पण पान रोज पुसलं जायचं.

आता ते पान त्यांचा मुलगा दानियाल पुसतो. वडिलांच्या कबरीवर त्याने सब्जा लावला आहे. लावताना वर्षालीने पाठवलेलं मूठभर जेल मातीत मिसळलं. वामनराव सकाळी त्या बाजूने फिरायला जातात आणि हातात तांब्या नेतात. मी एकदा म्हटलं, त्याच्यात जेल हाय न, पाणी कशाले?

"मी पाणी नाई घालत," ते म्हणाले. "तांब्या रिकामा करून येतो."

नांदगावच्या रजिस्टरमध्ये शेवटची काही पानं कोरी होती. त्यातल्या पहिल्या पानावर, तारखेच्या रकान्यापासून सुरू करून, मी एवढंच लिहिलं आहे. अब्दुल रहीम, तेलघाणीवाले, राहणार नांदगाव खंडेश्वर, बुधवार, अकरा डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी पहाटे वारले.